लग्न झालं की सुधारेल?

चिनी भाषेत एक शब्द आहे, ‘जूयिंग’. म्हणजे अवाढव्य तान्हं बाळ. वयाने वाढलेला, पण आपला भार दुसऱ्यावर टाकून बसणारा, मनासारखं झालं नाही की रुसणारा माणूस. आपण त्याला पोरकट म्हणतो. आणि आपली मांडवी असो की दुसरं गाव, अशा मुलावर एकच उपाय सांगतात : लग्न करून द्या, सुधारेल.

हा उपाय मुंबईत दीडशे वर्षांपूर्वीही करून झाला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा. त्याने सासरी राहून शिकावं, मार्गी लागावं, असं ठरलं होतं. पण त्याला शिक्षण नको होतं. तो मामाकडे जाऊन राहिला आणि आळसात दिवस काढू लागला. रखमाबाई मात्र माहेरी राहून मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तकं वाचत होत्या. नवरा होता तिथेच राहिला, बायको मोठी झाली.

१८८४ साली दादाजीने बायकोने नांदायला यावं म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. पण १८८७ च्या मार्चमध्ये निकाल फिरला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंग चालेल, सासर नको. आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचा ‘केसरी’ही त्यांच्या विरोधात होता. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला.

रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोटला त्यांनी बायकांवर उपचार केले. त्यांच्या खटल्यामुळे पेटलेल्या वादातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीचं संमतिवय दहावरून बारा झालं.

आज लग्नासाठी मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण लागतात. पण कायदा वय मोजतो, समज मोजत नाही. ती आपणच बघायची. मुलाला शहाणं करणं हे त्याच्या आईवडिलांचं काम. ते दुसऱ्याच्या लेकीच्या पदरात टाकू नका. आणि लेकीसाठी स्थळ बघाल तेव्हा पगाराबरोबर एवढंही विचारा : जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतो का?

गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.