कार्यप्रणालीच्या आवृत्त्या आणि ‘वऱ्हाड’ हा शब्द

अमरावती-अकोल्याकडील प्रदेशाचे ‘वऱ्हाड’ हे नाव संगणकावर लिहिणे दीर्घकाळ कसोटीचे ठरले. विंडोज ९८ या कार्यप्रणालीत देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले फॉन्ट वापरावे लागत. फॉन्ट बदलला की मजकूर निरर्थक होई. पुढे विंडोज २००० ने युनिकोडची देवनागरी स्वीकारली, तरी एक पेच उरला. ‘वऱ्हाड’मधील अर्धा र दोन प्रकारे नोंदविता येतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, अथवा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांस दोन्ही रूपे एकच भासतात, यंत्रास मात्र ती भिन्न होत. त्यामुळे एका रूपाने शोध घेणाऱ्यास दुसऱ्या रूपातील नोंदी हुकण्याचा संभव असतो. सबब, वऱ्हाडी बोलीचे जुने संगणकीय संग्रह, ते वाचू शकणारी यंत्रे चालू आहेत तोवरच, एका निश्चित रूपात उतरवून घेणे अगत्याचे आहे.