तळटीप १४ : कॉपरगेट

१४. कॉपरगेट : उत्तर इंग्लंडमधील यॉर्क शहराच्या जुन्या भागातील रस्ता. येथील १६ ते २२ क्रमांकांच्या जागेवर गोड गोळ्यांचा कारखाना होता. तेथे नवे बाजारसंकुल उभारायचे ठरल्यावर, बांधकाम सुरू होण्याआधी १९७६ ते १९८१ या काळात यॉर्क आर्किऑलॉजिकल ट्रस्टने रिचर्ड हॉल यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले. मजकुरातील ‘खालचा थर’ रोमन काळचा आहे, इ. स. ७१ च्या सुमारास रोमनांनी यॉर्क वसवले. रोमन सत्ता गेल्यावर ही जागा सुमारे चार शतके जवळजवळ ओसाड राहिली. ‘मधला थर’ व्हायकिंग काळातला. व्हायकिंगांनी ८६६ मध्ये शहर जिंकले आणि ९५४ मध्ये त्यांच्या शेवटच्या राजाची सत्ता संपली. वस्ती मात्र पुढेही टिकली. दहाव्या शतकात येथे रस्त्यालगत चार अरुंद, लांबट भूखंड आखलेले होते. त्यांवरची घरे आधी कुडाची, नंतर जमिनीत अर्धवट खोल बांधलेली, फळ्यांच्या भिंतींची होती. घरांलगतच लाकडी भांडी कातणे, धातुकाम यांसारखे व्यवसाय चालत. त्यावरचे थर मध्ययुगीन व नंतरचे आहेत. पाणथळ मातीत हवा न शिरल्याने लाकूड, चामडे, कापड आणि बियादेखील कुजल्या नाहीत. सुमारे ४०,००० वस्तू मिळाल्या. आठव्या शतकातले शिरस्त्राण मात्र १९८२ मध्ये, प्रत्यक्ष बांधकामाच्या वेळी हाती लागले. संकुलाच्या तळघरात १९८४ मध्ये योर्विक व्हायकिंग सेंटर हे संग्रहालय उघडले.