परमुलखातील स्पॅनिश पंतोजी

परभाषा शिकावयाची झाल्यास ती त्या भाषेत जन्मलेल्या माणसापाशीच शिकावी, असा आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतून एक दृढ समज आहे. मुलांस फ्रेंच अथवा जर्मन शिकवावयास गृहस्थ शोधताना त्याचे ज्ञान किती, हे पाहण्याआधी त्याचे जन्मग्राम कोणते, हे पाहिले जाते. या समजाचा खरेखोटेपणा पडताळून पाहावयाचा असेल, तर युरोपच्या इतिहासातील एका लहानशा कोपऱ्याकडे वळणे उपयुक्त होईल, असे आम्हांस वाटते. तो कोपरा म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात व सतराव्याच्या आरंभी पॅरिस, रूआँ आणि लंडन या शहरांतून चाललेल्या स्पॅनिश भाषेच्या खाजगी शिकवण्या.

परकीयांसाठी स्पॅनिश शिकविण्याची कल्पना खुद्द स्पेनमध्ये जुनीच होती. अंतोनियो दे नेब्रिहा याने 1492 साली आपले प्रसिद्ध व्याकरण राणी इसाबेलाच्या चरणी अर्पण केले, त्याचा पाचवा भाग परभाषिकांकरिताच लिहिलेला आहे. परंतु ग्रंथात भाग असणे निराळे आणि पोटासाठी दारोदार शिकविणे निराळे. हे दुसरे काम ज्यांच्या वाट्यास आले ते बहुतेक देशोधडीस लागलेले लोक होते. अंतोनियो देल कोर्रो हा त्यांपैकी एक. सेव्हिलजवळच्या सान इसिदोरो मठातील हा भिक्षू प्रॉटेस्टंट मताकडे झुकला आणि 1557 साली जीव वाचवून पळाला. 1562 साली सेव्हिल येथे धर्मसभेने त्याची प्रतिमा जाळली. मूळ माणूस हाती न लागल्याने प्रतिमेवरच भागवावे लागले. पुढे फ्रान्सचा चौथा हेन्री म्हणून गादीवर बसलेल्या नव्हारच्या बालराजपुत्रास स्पॅनिश शिकविण्याचे काम काही काळ या पळपुट्या भिक्षूकडे होते. अखेर तो इंग्लंडात स्थिरावला, आणि 1586 साली ऑक्सफर्ड येथे त्याचे स्पॅनिश व फ्रेंच भाषांचे व्याकरण छापले गेले. स्पेनचे आरमार इंग्लंडावर चालून येण्यास तेव्हा अवघी दोन वर्षे अवकाश होता. शत्रूची भाषा शिकण्याची निकड मित्राच्या भाषेहून अधिक असते, हे त्या काळी इंग्लंडात निघालेल्या स्पॅनिश कोशांवरून व व्याकरणांवरून सहज दिसून येते.

फ्रान्समध्ये मात्र या भाषेस खरा बहर आला तो सोयरिकीमुळे. 1615 साली तेराव्या लुईचा विवाह स्पेनच्या राजकन्येशी झाला आणि लुईची बहीण स्पेनच्या युवराजास दिली गेली. दरबारात स्पॅनिश बोलता येणे हे मग सभ्यतेचे लक्षण ठरले. फ्रान्सात स्त्री काय, पुरुष काय, आमची भाषा शिकल्यावाचून कोणी राहत नाही, असे सर्व्हांतेसने आपल्या अखेरच्या कादंबरीत अभिमानाने लिहून ठेवले आहे. याच सर्व्हांतेसने 1615 साली ‘दोन किखोते’चा दुसरा भाग लेमोसच्या सरदारास अर्पण करताना एक मौज केली आहे. चीनच्या बादशहास म्हणे स्पॅनिश भाषेची पाठशाळा काढावयाची असून तीत ‘दोन किखोते’ हेच पाठ्यपुस्तक लावावयाचे आहे, आणि प्रमुखपदी सर्व्हांतेसलाच बोलावले आहे! यावर त्याने दूतास विचारले, की बादशहाने वाटखर्चासाठी काही पाठविले आहे काय? दूत म्हणाला, छे, तसे काही मनातही आले नाही. थट्टा खरी, पण परदेशी भाषाशिक्षकाच्या मिळकतीचे इतके अचूक वर्णन आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

आता मूळ वादाकडे येऊ. पॅरिसमध्ये सेझार उदँ नावाचा फ्रेंच गृहस्थ राजाचा दुभाषी होता. 1597 साली त्याने फ्रेंच लोकांसाठी स्पॅनिश व्याकरण प्रसिद्ध केले, 1607 साली कोश काढला, आणि 1614 साली ‘दोन किखोते’चा पहिला भाग फ्रेंचमध्ये आणला. त्याच 1614 साली रूआँ येथे आंब्रोसियो दे सालाझार या मूर्सियाकडील स्पॅनिश शिक्षकाचे संवादरूप व्याकरण बाहेर पडले. दोघांची जुंपली, आणि तीही छापील पुस्तकांतून. एकाची सारी भिस्त जन्मावर, दुसऱ्याची अभ्यासावर. या भांडणात पोटाचा प्रश्न होताच, कारण शिष्य मोजके आणि दरबारी मानाच्या जागा त्याहून मोजक्या. परंतु त्याखाली एक खरा प्रश्न दडलेला होता.

तो असा की, शिकवावयाचा उच्चार कोणता? स्पॅनिश भाषेचे वर्ण त्याच सुमारास पालटत होते. ‘एक्स’ या अक्षराचा उच्चार पूर्वी आपल्या ‘श’सारखा होता, तो मागे सरकत ‘ख’सारखा होऊ लागला होता. म्हाताऱ्याच्या तोंडी एक व तरुणाच्या तोंडी दुसरा, अशी स्थिती असता केवळ स्पेनमध्ये जन्मल्याने शिक्षकास निर्णय कसा देता यावा? दोघे स्पॅनिश गृहस्थ एकाच शब्दावर भांडत असतील, तर फ्रेंच शिष्याने कोणाचे ऐकावे? अशा वेळी, ज्याने ही भाषा बाहेरून, नियम मांडीत, अडखळत आत्मसात केली आहे, त्याचा उपयोग अधिक होतो, असे आमचे मत आहे. आईच्या मांडीवर भाषा शिकलेल्यास शिष्य नेमका कोठे अडतो हे ठाऊकच नसते.

जन्मसिद्ध अधिकाराची मर्यादा दाखविणारे याहून बोलके उदाहरण हुआन दे लुना याचे आहे. हाही प्रॉटेस्टंट निर्वासित. पॅरिसमध्ये शिकवण्या करून राहणारा. त्या काळच्या शिकवणीत व्याकरणाइतकेच संवादांस महत्त्व असे. लंडनच्या जॉन मिनशूने 1599 साली असे सात संवाद छापले होते. सकाळी उठून कपडे घालताना धनी व नोकर यांची बोलाचाली, जवाहिऱ्याशी घासाघीस, पाच गृहस्थांची मेजवानी, खेचरवाल्याबरोबर प्रवास, शिपायांच्या गप्पा: प्रवाशास जे लागते ते सर्व त्यांत होते. तेच उदँने उचलले. लुनाने 1619 साली ते सातही दुरुस्त करून, आपले पाच नवे त्यांत घालून पॅरिसमध्ये छापले. येथवर ठीक. पण पुढल्याच वर्षी त्याने ‘लासारियो दे तोर्मेस’ ही प्रख्यात कथा हाती घेतली. तिची भाषा ओबडधोबड असून वाक्यरचना स्पॅनिशपेक्षा फ्रेंच वाटते, असे म्हणून त्याने ती विद्यार्थ्यांसाठी सुधारली! वस्तुतः ती कथा 1554 सालची. तिची भाषा परकी नव्हती, केवळ दोन पिढ्या जुनी होती. जुने ते परके, अशी चूक जन्माने स्पॅनिश असलेल्या शिक्षकानेच करावी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तथापि याच पुस्तकास जोडून त्याने त्या कथेचा जो दुसरा भाग स्वतः लिहिला, त्यातील धर्मसभेवरील बोचरा उपहास आजही ताजा आहे. स्पेनमध्ये तो त्या काळी छापणे शक्यच नव्हते. शिष्यांच्या वाचनासाठी निघालेल्या पुस्तकातून लुनाने आपला सूडही उगवून घेतला.

पुढे लुना लंडनला गेला. तेथे 1623 साली त्याचे छोटेखानी व्याकरण प्रसिद्ध झाले. मुहूर्त उत्तम होता: त्याच वर्षी इंग्लंडचा युवराज चार्ल्स स्पेनच्या राजकन्येस मागणी घालावयास वेषांतर करून माद्रिदला गेला होता, आणि स्पॅनिशची हौस लंडनात वाढू पाहत होती. परंतु वर्ष सरण्यापूर्वीच युवराज रिकाम्या हातांनी परतला, सोयरीक फिसकटली, आणि 1625 साली दोन्ही देशांत युद्ध जुंपले. 1635 साली फ्रान्सनेही स्पेनशी युद्ध पुकारले.

त्या शिकवण्यांची एक खूण मात्र उरली आहे. फ्रेंच लोक सर्व्हांतेसच्या नायकास अद्याप ‘किशोत’ म्हणतात. स्पेनमध्ये तो ‘श’ केव्हाच बुजला. तेथील मनुष्यास ‘किखोते’ एवढेच ठाऊक आहे.