माइक कँड्रिया: तक्त्यातले दोन रिकामे रकाने

तुम्ही माइक कँड्रियांच्या कारकिर्दीचा तक्ता केलात, तर आधी ८ राष्ट्रीय विजेतेपदंच डोळ्यांत भरतील. अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या महिला सॉफ्टबॉल संघाचे ते १९८६ ते २०२१ मुख्य प्रशिक्षक. पण २००४ आणि २००८ बघा: त्या हंगामांतला एकही विजय त्यांच्या नावावर नाही. का? तर तेव्हा ते अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाबरोबर होते! अथेन्सला संघाने ५१ धावा काढल्या, दिली फक्त १, सुवर्ण. बीजिंगला अंतिम सामन्यात जपानकडून १-३ हार, रौप्य. म्हणजे सरासरीसाठी भागायचं ३४ ने, ३६ ने नाही. (२०२० कोविडने मध्येच तोडलं, ते आणखी वेगळं प्रकरण.) रिकाम्या रकान्यात शून्य भरलंत, तर ऑलिंपिकची वर्षं आलेखात खड्डे म्हणून दिसतील.