मोहीगनांचे सेचेमपद व कनेक्टिकट वसाहत

राजकुलाची वंशावळ हाती आली म्हणजे ती कोणी व कोणत्या प्रयोजनाने लिहविली, हे संशोधकाने प्रथम पाहावे असे आमचे मत आहे. उत्तर अमेरिकेतील मोहीगन लोकांचा नायक अंकस ह्याने १६७९ साली आपली वंशावळ इंग्रजी लेखांत नोंदविली. पेक्वॉट राजकुलाशी आपला संबंध दाखवून भूमीवरील स्वत्व सिद्ध करावे, हा तीतील हेतु उघड आहे.

ह्या नायकास सेचेम म्हणत. त्या पदास उच्च कुल अवश्य असे. परंतु लोकांची संमति नसेल तर केवळ जन्माने ते टिकत नसे. १६३७ सालच्या पेक्वॉट युद्धात अंकसने इंग्रजांचा पक्ष धरला व त्या स्नेहाच्या बळावर तो प्रबळ झाला. पुढे त्याच स्नेह्यांनी भूमि बळकाविल्याची फिर्याद त्याचा पुत्र ओवेनेको ह्याच्या काळी इंग्लंडच्या राणीपर्यंत गेली. १७०५ साली चौकशीमंडळाने मोहीगनांच्या बाजूने निवाडा दिला. पण कनेक्टिकट वसाहतीने तो मानिला नाही.

तेव्हापासून सेचेम कोण, ह्यावर भूमीचा वाद अवलंबून राहिला. ओवेनेकोच्या ज्येष्ठ शाखेतील महोमेट अल्पवयी म्हणून मागे पडला. १७२३ साली अंकसचा पुत्र बेन व त्यानंतर बेनचा पुत्र दुसरा बेन अंकस गादीवर आला. महोमेट दाद मागण्यास लंडनला गेला; परंतु सुनावणीपूर्वीच १७३६ साली देवीच्या रोगाने तेथे निवर्तला. १७४३ साली पुन्हा चौकशी झाली, तेव्हा वसाहतीने मानिलेला बेन तिच्याच पक्षास होता. जॉन अंकसच्या अनुयायांनी विरोध केला, तरी निकाल वसाहतीस अनुकूल झाला.

बेनही अंकसच्याच रक्ताचा होता, असा आक्षेप कोणी घेईल. तो यथार्थ आहे. परंतु उणीव रक्ताची नव्हती, संमतीची होती. १७६९ साली तिसरा बेन वारल्यावर मोहीगनांनी वसाहतीच्या पसंतीचा सेचेम पत्करण्यापेक्षा पदच रिक्त ठेविले. १७७३ साली खटलाही गेला. तथापि समाज उरला. १९९४ साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सरकारने त्यास मान्यता दिली.

वसाहतीच्या दप्तरात बेनचे नाव सेचेम म्हणून आढळते, एवढ्यावरून तो मोहीगनांसही मान्य होता असे अनुमान कोणी करू नये.