टीपी आणि कुकी

गडचिरोलीच्या जंगलातून बांबूचा ट्रक निघाला की चालकाजवळ 'टीपी' लागतेच. माल किती, कुठून निघाला, कुठे जाणार, मुदत कधीपर्यंत, सगळं त्या वाहतूक परवान्यावर. नाक्यावरच्या माणसाला डेपोतला व्यवहार ठाऊक नसतो. त्या व्यवहाराची आठवण ट्रकसोबतच फिरते. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांना कुकी मी याच कागदावरून समजावतो.

कारण ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते एचटीटीपी जात्याच विसराळू. आलेली प्रत्येक विनंती सर्व्हरला नवखी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनी एमसीआय या दुसऱ्या कंपनीसाठी ऑनलाइन दुकान उभारत होती. ग्राहकाची अर्धवट खरेदी स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायला एमसीआय तयार नव्हती. तेव्हा नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी ती आठवण ब्राउझरच्या हाती सोपवली. सर्व्हर उत्तरासोबत 'सेट-कुकी' अशी ओळ पाठवतो. ब्राउझर ती जपून पुढच्या विनंत्यांसोबत परत दाखवतो. नाव मात्र जुनं. युनिक्सवाले 'मॅजिक कुकी' म्हणत ती खूण देवळाबाहेरच्या चपलांच्या बिल्ल्यासारखी: घेणाऱ्याला तिचा अर्थ कळायची गरज नाही, जशीच्या तशी परत केली की झालं.

टीपी कुठल्याही नाक्यावर चालते, कुकी मात्र जिने दिली त्याच साइटला परत जाते. शिवाय ती वापरणाऱ्याच्या हातात असते, म्हणजे खाडाखोडही त्याच्याच हातात. 'प्रशासक: नाही' असं कुकीत लिहून निर्धास्त राहणाऱ्याला मी सांगतो, सागाच्या लठ्ठ्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा का मारतात ते आठव. सही नसलेल्या कुकीवर विश्वास ठेवू नये. तिच्यात नुसता अंदाज न लावता येणारा क्रमांक ठेवावा, बाकीचं सर्व्हरवर.

पुढे जाहिरातवाल्यांनी दुसऱ्यांच्या पानांत आपली चित्रं घुसवली आणि चित्रासोबत आपली कुकीची चिठ्ठीही. माणूस कुठकुठे फिरला ते त्यांना कळू लागलं. कुकीच्या १९९७ च्या पहिल्या मानकात, आरएफसी २१०९ मध्ये, अशा परक्या चिठ्ठ्या मुळातच बंद ठेवा असं म्हटलं होतं. मोठ्या ब्राउझरांनी ते मानलं नाही, आणि याचा मला आजही राग आहे. चिठ्ठी कोणी द्यायची हा साधा प्रश्न नव्हे.

एप्रिल २०११ मध्ये नवं मानक, आरएफसी ६२६५, आलं. प्रत्यक्षात कुकी जशी वापरली जात होती, तशी ती त्यात नोंदवली गेली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. जंगलावरचा सामूहिक हक्क गावाला २००९ मध्येच मिळाला होता. पण टीपी देणारा हात दुसऱ्याचा होता, तोवर गावाचा बांबू नाका ओलांडू शकत नव्हता.