गर्दी निराळी, गिऱ्हाईक निराळे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असा संपादिकाबाईंचा आग्रह पडला. विषय शोधत मला फार दूर जावे लागले नाही. नाचणीचे पापड, कुरडया, मसाले, हातसडीचा तांदूळ अशा जिनसा विकून संसाराला हातभार लावणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकींच्या हाती आज मोबाईल आहे. मालाचे छायाचित्र त्यावर टाकले की शंभर जणांकडून ‘छान’ म्हणून येते. पण पिशवी घेऊन दारात कोणी येत नाही. असे का व्हावे? इतिहास चाळून पाहिला, तर हा प्रश्न मोबाईलहून पुष्कळ जुना आहे असे दिसते.

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते, ती गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. माणसांची दाटी तर मुंबईच्या कोणत्याही मोठ्या स्टेशनावर रोजच असते. मग बैल विकणारा म्हशालाच का जातो? कारण तेथे बैलाची गरज असलेला आणि बैल पारखणारा शेतकरी येतो. गर्दी निराळी आणि गिऱ्हाईक निराळे, हे आपल्या अडाणी समजल्या गेलेल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

जत्रा मात्र वर्षातून एकदाच भरते. गिऱ्हाईक बारमाही जोडून कसे ठेवावे, याचा उत्तम धडा किर्लोस्करांच्या इतिहासात सापडतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे छोटे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला. पण लोखंडाने जमिनीला विष लागते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात! १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. कारखान्याची व मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत न्यावी, हा त्याचा मूळ हेतू. परंतु नुसती जाहिरात दर महिन्याला कोण आवडीने वाचणार? वाचकाला उपयोगी पडेल असा मजकूर त्यात येत गेला आणि खबरेचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली त्याच घरातून ‘स्त्री’ मासिक निघाले, जे पुढे कितीतरी घरांतून बायकांनी आवडीने वाचले. आधी वाचकाच्या उपयोगी पडावे, मग आपला माल सांगावा, ही रीत त्यांनी घालून दिली.

आता आपल्या शहापूरचे ताजे उदाहरण घ्या. येथील कातकरी तरुणांनी सुनील पवार यांच्या पुढाकाराने रानातली गुळवेल गोळा करून विकण्यास आरंभ केला. आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था आणि वनधन केंद्रे यांच्याद्वारे काम वाढले. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा काढ्यासाठी गुळवेलीला मागणी होतीच. या मंडळींनी आपले संकेतस्थळ काढून दूरच्या बाजारांपर्यंत माल नेला. मोठ्या औषध कंपन्यांकडून सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. गुळवेल कोणाला हवी, हे त्यांनी ओळखले होते. सर्व जगाला ओरडून सांगण्याची त्यांना गरज पडली नाही.

मोबाईलवर हीच रीत चालवता येते. व्हॉट्सॲप २००९ साली आले आणि धंदेवाल्यांसाठी त्याचे निराळे ॲप जानेवारी २०१८ मध्ये. त्यात मालाची यादी दरासह मांडून ठेवता येते. एकच निरोप अनेकांना धाडण्याची जी सोय आहे, तिच्या एका यादीत २५६ नावे बसतात. पण ज्याने आपला नंबर जपून ठेवला असेल त्यालाच तो निरोप पोहोचतो. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. ओळख दोन्ही बाजूंनी हवी!

माझ्या यादीत आज १४० नावे आहेत. त्यांत आसनगावहून रोज लोकलने कामाला जाणाऱ्या बायका आहेत आणि माहुलीचा गड चढायला येऊन आमच्याकडे जेवलेली मंडळीही आहेत. प्रत्येकीला विचारून मगच नाव घातले. दर आठवड्याला मी एक उपयोगाची गोष्ट लिहिते: पावसाळ्यात पापडाला बुरशी कशी धरत नाही, नाचणीचे आंबील कसे करावे. मालाचा भाव शेवटच्या ओळीत. त्या १४० जणींतून दर महिन्याला चाळीसएक मागण्या येतात. पैसे घेऊन हजारो अनुयायी मिळवून देतो म्हणणारेही भेटतात. पण त्या हजारांत नाचणी खाणारा एक तरी असेल काय?

म्हणून एक सूचना मांडते. मंडळाने एक वही घालावी. कोणी, काय, केव्हा नेले आणि पुन्हा नेले का, एवढेच तीत लिहावे. ज्यांनी दोनदा नेले, त्यांना विचारून त्यांचे नंबर घ्यावेत आणि आठवड्याचा निरोप आळीपाळीने एकेकीने लिहावा. उन्हाळी वाळवणे सुरू होण्याआधी वहीत पन्नास नावे जरी झाली, तरी यंदा किती पापड लाटावेत याचा अंदाज आपल्याला आधीच येईल, आणि केलेला माल डब्यात पडून राहणार नाही.